व्हर्जन सांभाळा, बॉस!

सुपरकॉम्प्युटर एक, युजर्स शेकडो आणि प्रत्येकाला हवं वेगळं सॉफ्टवेअर... रिसर्चवाल्यांच्या या ‘शेअरिंग’चा फंडा काय?

पुण्यात कॉट बेसिसवर राहिलेल्यांना हे लगेच कळेल. फ्लॅट एक, फ्रिज एक, डबे सहा. कुणी न विचारता दुसऱ्याचा डबा हलवला, की महाभारत! सायन्सच्या दुनियेतही असाच एक फ्रिज असतो. त्याला म्हणतात क्लस्टर. एकमेकांना जोडलेले शेकडो कॉम्प्युटर्स आणि त्यांवर लॉगिन करणारी अख्खी इन्स्टिट्यूट. आपल्या पाषाणचंच बघा ना. आयसरमध्ये २०१९ साली ‘परम ब्रह्म’ आला, तर हवामानाची गणितं सोडवायला आयआयटीएममध्ये २०२४ साली ‘अर्क’ दाखल झाला.

आता गंमत बघा. एकाला पायथॉनचं जुनं व्हर्जन हवं, कारण लॅबमधला दहा वर्षांपूर्वीचा कोड त्यावरच चालतो. दुसरीला हवं लेटेस्ट. अ‍ॅडमिनने सगळ्यांसाठी अपडेट मारलं, तर तिचं काम सुरू होतं आणि याची पीएचडी अडकते!

उत्तरच बदललं तर?

कोड चाललाच नाही, तर ते परवडलं. निदान कळतं तरी. खरी गोची होते ती कोड छान चालतो आणि उत्तर मात्र वेगळं येतं तेव्हा. ‘फ्रीसर्फर’ हे एमआरआय स्कॅनवरून मेंदूच्या भागांचं आकारमान मोजणारं सॉफ्टवेअर. २०१२ साली संशोधकांनी तेच स्कॅन त्याच्या वेगवेगळ्या व्हर्जन्सवर चालवून पाहिले. आकारमानात सरासरी ८.८ टक्क्यांचा फरक! मॅकची ऑपरेटिंग सिस्टिम बदलली, तरी आकडे थोडे हललेच. मग पेशंटचा मेंदू खरंच आक्रसला की फक्त सॉफ्टवेअर बदललं, हे सांगणार कसं?

केमिस्ट्रीवालेही यातून सुटले नाहीत. रेणूंची रचना ओळखायला मदत करणाऱ्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पायथॉन स्क्रिप्ट्स फाइल्सचा क्रम गृहीत धरून चालत होत्या. हा क्रम प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमवर सारखा नसतो. त्यामुळे डेटा तोच, पण मशीन बदललं की उत्तर वेगळं. हवाई विद्यापीठातल्या संशोधकांनी हे २०१९ साली उघड केलं. तोवर पाच वर्षं या स्क्रिप्ट्स वापरात होत्या!

मॉड्यूल है ना!

यावरचा उपाय तसा जुना आहे. ‘एन्व्हायर्नमेंट मॉड्यूल्स’ची कल्पना १९९१ सालची. सगळी व्हर्जन्स शेजारी शेजारी ठेवायची. तुम्ही ‘मॉड्यूल लोड’ म्हटलंत, की फक्त तुमच्या लॉगिनपुरतं ते व्हर्जन पुढे येतं. बाकीच्यांच्या डब्यांना धक्का नाही. ही व्हर्जन्स बनवायला अ‍ॅडमिनच्या हाताशी अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर लॅबचं ‘स्पॅक’ आणि बेल्जियमच्या गेंट विद्यापीठाचं ‘ईझीबिल्ड’ असतं.

सगळं सामानच एका पेटीत बंद करून न्यायचंय? मग कंटेनर. डॉकरसाठी सहसा ‘रूट’चे अधिकार लागतात आणि शेअर्ड मशीनवर ते कोण देणार? म्हणून २०१५ साली ‘सिंग्युलॅरिटी’ आलं. २०२१ साली त्याचं ‘अ‍ॅपटेनर’ असं नवं बारसंही झालं.

हे पाळाच!

* नुसतं ‘मॉड्यूल लोड पायथॉन’ नको, व्हर्जन नंबरही लिहा. आजचं डिफॉल्ट उद्या बदलू शकतं.
* जॉब स्क्रिप्टची सुरुवात ‘मॉड्यूल पर्ज’ने करा. आधीचा कचरा साफ!
* प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं कोंडा एन्व्हायर्नमेंट. पण त्यात हजारो बारीक फाइल्स असतात, तेव्हा संपलेल्या प्रोजेक्टचं उडवून टाका. त्याआधी पॅकेजेसची यादी मात्र सेव्ह करा.
* ‘मॉड्यूल लिस्ट’चं आउटपुट रिझल्टच्याच फोल्डरमध्ये ठेवा.
* प्रोजेक्ट अर्ध्यावर असताना अपडेटचा मोह टाळा. करावंच लागलं, तर आधीचं सगळं अ‍ॅनालिसिस नव्या व्हर्जनवर पुन्हा चालवा.

दोन वर्षांनी कुणीतरी विचारेलच, “हा आकडा कुठल्या व्हर्जनचा?” तेव्हा डोकं खाजवत बसू नका. सरळ फाइल उघडून दाखवा!