दर्या, दऱ्या आणि ‘मेक’

मुक्तस्रोत प्रोग्राम एका मशीनवर बांधला आणि चालला, म्हणजे तो दुसऱ्यावर चालेलच असं नाही. दुसऱ्यावर चालला तरी तिथे मराठी नीट दिसेल याची खात्री त्याहून कमी.

युनिक्स 1973 मध्ये सी भाषेत नव्यानं लिहिलं गेलं आणि ते कुठल्याही यंत्रावर नेता येईल अशी आशा निर्माण झाली. पुढे एटी अँड टीची सिस्टिम फाइव्ह एकीकडे, बर्कलेची बीएसडी दुसरीकडे, शिवाय सन, एचपी, आयबीएम यांचे आपापले पोटभेद. 1988 मध्ये पॉझिक्स प्रमाण आलं, 1991 मध्ये ऑटोकॉन्फ. ‘कॉन्फिगर’ चालवल्यावर पडद्यावर ज्या शेकडो ओळी धावतात, अमुक फंक्शन आहे का, तमुक हेडर फाइल सापडते का, ती या भाऊबंदकीची कागदपत्रंच.

लिनक्स सगळीकडे झाल्यावर हे मिटायला हवं होतं. उलट आळस वाढला. स्क्रिप्टच्या माथ्यावर साधं ‘एसएच’ लिहायचं आणि आत बॅशच्या खास सोयी वापरायच्या, ही सवय जुनी. उबुंटूनं 2006 मध्ये ‘एसएच’च्या जागी डॅश हे वेगळं शेल बसवलं आणि अशा स्क्रिप्ट आडव्या झाल्या. फ्रीबीएसडीच्या मूळ प्रणालीत तर बॅश नसतंच. मॅकचं ‘सेड’ जागच्या जागी फाइल बदलताना बॅकअपचं एक्स्टेंशन मागतं, ग्नूचं मागत नाही. सगळं फुटकळ, पण संध्याकाळ खाणारं. वसई रोडच्या विद्यावर्धिनीत 1994 पासून अभियांत्रिकीचं शिक्षण मिळतं. तिथल्या एकाच गटात एकाचा लॅपटॉप उबुंटूचा आणि दुसऱ्याचा मॅक असला, तर हे सगळं वाट्याला येणारच.

मराठीचा प्रश्न मात्र फुटकळ नाही. दर्या आणि दऱ्या यांतला फरक अर्नाळ्यापासून नायगावपर्यंत कुणाला समजवावा लागत नाही. संगणकाला लागतो. दऱ्यांमधला आडवा अर्धा र युनिकोडमध्ये ‘ऱ’पासून बनतो, आणि हा ऱ दोन तऱ्हांनी साठवता येतो: एकसंध चिन्ह म्हणून, किंवा र आणि नुक्ता अशा जोडीनं. मॅकची 1998 ची एचएफएस प्लस फाइलप्रणाली नाव फोडून साठवायची; लिनक्स दिलेले बाइट जसेच्या तसे ठेवतं. त्यामुळे ‘दऱ्या’ नावाची फाइल लिनक्सवरून गिटमार्गे मॅकवर गेली की गिटला एक नवीच अनोळखी फाइल दिसायची. जर्मनांना उमलाउटमुळे हाच ताप होता, म्हणून 2012 मध्ये गिटमध्ये त्यावर उपाय आला. (फक्त मराठीची तक्रार असती तर किती वर्षं लागली असती, हा विचार मनात येतोच.)

वर्णानुक्रमाचीही तीच तऱ्हा. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, युनिकोडच्या तक्त्यात ल आणि व यांच्यामध्ये. अल्पाइन लिनक्समधली मसल लायब्ररी अक्षरं नुसत्या बाइटप्रमाणे लावते, म्हणून तिथे ‘काळ’ हा ‘कावळा’च्या आधी येऊन बसतो.

जोडाक्षरांची मांडणी हा सर्वांत लांबलेला भाग. 2000 नंतरच्या काही वर्षांत एकाच डेस्कटॉपवर ग्नोमचे प्रोग्राम पँगो वापरत, केडीईचे क्यूटीचं इंजिन, ओपनऑफिस आयसीयूचं. एकच शब्द तीन खिडक्यांत तीन प्रकारे उमटण्याची सोय त्यातच होती. जुहूच्या एनसीएसटी या संशोधन संस्थेनं ‘इंडिक्स’मध्ये थेट एक्स विंडोच्या थरात भारतीय लिप्या बसवायची वाट धरली. मुंबईतच सुरू झालेल्या इंडलिनक्सनं डेस्कटॉपच्या भाषांतराला हात घातला. फाँट पुण्याहून आले: मॉड्युलर इन्फोटेकनं घडवलेले लोहित, जे रेड हॅटनं 2004 मध्ये जीपीएलखाली खुले केले. मॉड्युलर म्हणजे श्रीलिपीवाले. लग्नपत्रिका जुळवताना ज्यांचे हात श्रीलिपीवर बसले, त्या वसईच्या डीटीपीवाल्यांपैकी फार थोड्यांना ही सोयरीक ठाऊक असेल.

या साऱ्यात टिकलं ते मूळ प्रकल्पात गेलेलं काम. आपल्या प्रतीला लावलेलं ठिगळ पुढच्या आवृत्तीत पुन्हा लावावं लागतं, आणि लावणारा माणूस एक दिवस नोकरी बदलतो. बेहदाद इस्फहबोद यांनी नव्यानं लिहिलेलं हार्फबझ हे अक्षरमांडणीचं इंजिन आज फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड यांत आहे. लिबरऑफिसनं 2017 च्या 5.3 आवृत्तीत ते सर्व प्रणालींवर आणलं. आडवा र तिथे एकदा दुरुस्त झाला की सगळीकडे पोचतो.

हल्ली फ्लॅटपॅकचा बोलबाला आहे: लागणाऱ्या लायब्रऱ्या प्रोग्रामबरोबरच द्यायच्या, वितरणं कितीही असोत. मला ही सोय वाटते, उत्तर नव्हे. ती लिनक्सपुरतीच, बीएसडीवाले बाहेरच. प्रोग्राम एका प्रणालीवरून दुसरीवर कसा न्यावा हे शिकायचंच असेल तर फ्रीबीएसडीचा 1994 पासून वाढत आलेला पोर्ट्स संग्रह उघडावा. अनेक प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये ‘फाइल्स’ नावाचं उपफोल्डर असतं. मूळ लेखकानं काय गृहीत धरलं होतं आणि ते कुठे मोडलं, हे तिथल्या चार-चार ओळींच्या पॅचमध्ये वाचायला मिळतं.