जकारिया पिंटू

जकारिया पिंटू (जन्म : १ जानेवारी १९४३, मृत्यू : १८ नोव्हेंबर २०२४) हे बांगलादेशचे फुटबॉलपटू होते. ते बचावफळीत मधोमध, म्हणजे त्या काळी ज्यास 'स्टॉपर' म्हणत त्या जागी खेळत. १९७१च्या मुक्तिसंग्रामात भारतात सामने खेळणाऱ्या 'स्वाधीन बांगला फुटबॉल दल' या संघाचे ते कर्णधार होते. स्वातंत्र्यानंतर १९७३मध्ये बांगलादेशाचा पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामनाही त्यांच्याच नेतृत्वाखाली खेळला गेला.

पूर्वजीवन आणि क्लब कारकीर्द

पिंटू यांचा जन्म उत्तर बंगालमधील नौगाव येथे झाला. आज हे ठिकाण बांगलादेशात आहे. १९६१मध्ये ते ढाक्याच्या मोहमेडन स्पोर्टिंग क्लबमध्ये दाखल झाले आणि १९७५पर्यंत त्याच क्लबकडून खेळले. तत्कालीन पूर्व पाकिस्तानात ढाका लीग ही फुटबॉलची प्रमुख स्पर्धा होती आणि मोहमेडन हा तिच्यातील सर्वांत बलाढ्य संघांपैकी एक होता. पिंटू यांच्या काळात क्लबने १९६१, १९६३, १९६५, १९६६, १९६९ आणि १९७५ या वर्षी लीगचे विजेतेपद मिळवले. पुढे क्लबचे कर्णधारपदही त्यांच्याकडे आले.

स्वाधीन बांगला फुटबॉल दल

२५ मार्च १९७१च्या रात्री पाकिस्तानी सैन्याने ढाक्यात लष्करी कारवाई सुरू केली. त्यानंतर लक्षावधी निर्वासितांनी भारतात आश्रय घेतला. त्यांत अनेक खेळाडूही होते. मुजीबनगर येथे स्थापन झालेल्या हंगामी सरकारच्या पाठिंब्याने कोलकात्यात बांगलादेश क्रीडा समिती उभी राहिली आणि तिने फुटबॉल संघ बांधला. संघाचे उद्दिष्ट दुहेरी होते : मुक्तिसंग्रामाच्या बाजूने लोकमत तयार करणे आणि सामन्यांच्या तिकिटविक्रीतून लढ्यासाठी निधी उभारणे. पिंटू कर्णधार, प्रताप शंकर हाजरा उपकर्णधार, ननी बसाक प्रशिक्षक आणि तन्वीर मझहर तन्ना व्यवस्थापक होते. पुढे विशेष ख्याती मिळवलेले काझी सलाहउद्दीन हे संघातील तरुण खेळाडूंपैकी एक होते.

कृष्णनगरचा सामना

संघाचा पहिला सामना जुलै १९७१च्या शेवटच्या आठवड्यात पश्चिम बंगालमधील कृष्णनगर येथे नदिया जिल्ह्याच्या संघाविरुद्ध झाला. सामन्यापूर्वी बांगलादेशाचा ध्वज उभारला जावा आणि 'आमार सोनार बांगला' हे गीत व्हावे, असा खेळाडूंचा आग्रह होता. येथेच अडचण निर्माण झाली. भारताने बांगलादेशास तोवर मान्यता दिलेली नव्हती. ती ६ डिसेंबर १९७१ रोजी मिळाली. मान्यता नसलेल्या राष्ट्राचा ध्वज सरकारी यंत्रणेच्या उपस्थितीत फडकवणे नियमात बसत नव्हते. ध्वजाविना मैदानात उतरणार नाही, या भूमिकेवर खेळाडू ठाम राहिले. प्रेक्षकांनी मैदान भरले होते आणि सामन्याची वेळ टळत होती. अखेर जिल्हाधिकाऱ्यांनी आपल्या जबाबदारीवर परवानगी दिली. पिंटू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्वज घेऊन मैदानाला फेरी मारली. सामना २-२ असा बरोबरीत सुटला.

या निर्णयाची किंमत यजमानांना मोजावी लागली. जिल्हाधिकाऱ्यांना निलंबित करण्यात आले आणि नदियाच्या क्रीडासंघटनेची संलग्नता काढून घेण्यात आली. त्यामुळे पुढील सामन्यांत प्रतिस्पर्धी संघ सावध झाले. कोलकात्याचा मोहन बागान हा प्रसिद्ध क्लब ऑगस्टमध्ये या संघाविरुद्ध खेळला, तो आपल्या नावाने नव्हे, तर 'गोष्ठ पाल एकादश' या नावाने. गोष्ठ पाल हे मोहन बागानचे पूर्वीचे नामवंत बचावपटू. त्यांचा जन्म पूर्व बंगालमधील फरीदपूर जिल्ह्यात झाला होता.

संघाने भारतात विविध ठिकाणी एकूण १६ सामने खेळले. मुंबईत महाराष्ट्राच्या संघाविरुद्ध झालेल्या सामन्यात भारतीय क्रिकेट संघाचे माजी कर्णधार मन्सूर अली खान पतौडी हे महाराष्ट्राच्या बाजूने फुटबॉल खेळले.

राष्ट्रीय संघ

स्वातंत्र्यानंतर १९७२मध्ये बांगलादेश फुटबॉल महासंघाची स्थापना झाली. जुलै १९७३मध्ये मलेशियातील मर्डेका स्पर्धेसाठी पहिला राष्ट्रीय संघ पाठवण्यात आला आणि त्याचे नेतृत्व पिंटू यांच्याकडे सोपवण्यात आले. क्वालालंपूर येथे थायलंडविरुद्धचा पहिला सामना २-२ असा बरोबरीत राहिला. बांगलादेशाचे गोल इनायतुर रहमान आणि काझी सलाहउद्दीन यांनी केले. कृष्णनगरच्या सामन्यातील गोलसंख्याही हीच होती.

कारकिर्दीचे मूल्यमापन

बचावपटूचे काम गोलांच्या आकड्यांत दिसत नाही. पिंटू यांच्या बाबतीत नोंदींची ही उणीव अधिकच जाणवते. १९७१चे सामने राष्ट्रीय महासंघाच्या स्थापनेपूर्वीचे आणि मान्यता न मिळालेल्या राष्ट्राच्या नावाने खेळले गेलेले असल्याने ते आंतरराष्ट्रीय सामन्यांत गणले जात नाहीत. अधिकृत इतिहास थायलंडविरुद्धच्या लढतीपासून सुरू होतो, आणि तेव्हा पिंटू तिशीत पोहोचले होते. त्यांच्या उमेदीचा काळ राष्ट्र अस्तित्वात येण्यापूर्वीच सरला होता. त्यामुळे केवळ राष्ट्रीय सामन्यांच्या संख्येवरून त्यांच्या कारकिर्दीचे मोल ठरवता येत नाही. अधिकृत नोंदीतील पहिल्या सामन्यात आणि नोंदीबाहेर राहिलेल्या पहिल्या सामन्यातही कर्णधार तेच होते, ही बाब या दृष्टीने महत्त्वाची ठरते.

सन्मान

बांगलादेश सरकारने १९९५मध्ये त्यांना 'स्वाधीनता पुरस्कार' हा सर्वोच्च नागरी सन्मान प्रदान केला. स्वाधीन बांगला फुटबॉल दलाच्या कथेपासून प्रेरणा घेऊन 'दामाल' हा बंगाली चित्रपट २०२२मध्ये प्रदर्शित झाला. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी ढाका येथे वयाच्या ८१व्या वर्षी पिंटू यांचे निधन झाले.