गाड्यांना दिलेली गल्ली

गेल्या महिन्यात मध्यरात्री कोयते घेऊन आलेल्या पोरांनी पुण्यात कोथरूडमधल्या आमच्या गल्लीत ओळीनं लावलेल्या गाड्यांच्या काचा फोडल्या. सकाळी पंचनामा झाला, संध्याकाळी सोसायटीची बैठक. एकमतानं ठरलं: कॅमेरे वाढवा. या ठरावाचा मला राग आला. ही गल्ली काही एका रात्रीत असुरक्षित झालेली नाही.

सायकलींचं पुणं, नंबर लावून मिळणारी बजाज स्कूटर, १९९१ नंतर कर्जावर आलेल्या मोटारी, ही गाड्या वाढत गेल्याची गोष्ट लिहून झालेली आहे. आमचं खरं नुकसान झालं ते २०१० नंतरच्या दशकात.

त्या वर्षांत एकेक बंगला पाडून तिथे इमारत उभी राहिली. संध्याकाळी फाटकाशी गप्पा मारत उभी राहणारी माणसं वरच्या मजल्यांवर गेली. बिल्डर इमारतीखालचं खांबांमधलं, म्हणजे स्टिल्ट पार्किंग सरळ विकत होता. स्टिल्ट पार्किंग असं वेगळं विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगितलं होतं. आम्ही निकालाचं कात्रण दाखवलं, तर ‘मग फ्लॅट दुसरीकडे बघा’ असं उत्तर मिळालं. पुढे त्याच पार्किंगच्या एका कोपऱ्यात ऑफिस थाटलं गेलं आणि गाड्या रस्त्यावर आल्या, दोन्ही बाजूंना.

जून २०१५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात एका रात्रीत नव्वदच्या आसपास वाहनं जाळली गेली, बहुतेक दुचाकी. आमच्याकडे लगेच कॅमेरा बसला. एकाला एक चिकटून लावलेल्या गाड्यांमुळे आग पसरते, हे कोणी बोललं नाही. त्यानंतर शेजारच्या काकांना हृदयविकाराचा झटका आला. अँब्युलन्स कोपऱ्यावर अडकली, कारण वळणावरच्या मोटारीचा मालक कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. काकांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी कोपऱ्यापर्यंत उचलून नेलं. एक चप्पल वाटेतच दोन बंपरांमध्ये पडली. काका वाचले, पण गल्ली सुधारली नाही.

२०१८ मध्ये शहरातल्या वाहनांची संख्या माणसांपेक्षा जास्त झाल्याच्या बातम्या आल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये महापालिकेनं पार्किंग धोरण आणलं: रस्त्यावर गाडी लावायची तर पैसे मोजा. ‘टॅक्स भरतो ना आम्ही!’ म्हणून गावभर ओरड झाली. ज्यांच्या घरात तीन-तीन गाड्या, तेच पुढे होते. नगरसेवक नमले, धोरण प्रयोगापुरतं पाच रस्त्यांवर आलं आणि रेंगाळलं. त्या वेळी ते रेटलं असतं, तर आज गल्लीची एक बाजू तरी मोकळी असती. मुलं खाली खेळली असती, म्हातारी माणसं जेवणानंतर शतपावलीला उतरली असती. अशा जागत्या गल्लीत कोयता काढायला धाडस लागतं.

आता गाडीच्या नोंदणीआधी पार्किंगच्या जागेचा पुरावा मागण्याची भाषा राज्य सरकार करत आहे. तो नियम जरूर व्हावा, पण आपण त्याची वाट पाहत बसू नये. कॅमेऱ्यांची वर्गणी काढण्याआधी पार्किंगमधलं ऑफिस हलवा, गल्लीची एक बाजू रिकामी करा आणि रात्री रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांकडून पैसे घ्या. माझीही गाडी रस्त्यावरच असते. पहिली पावती माझ्या नावानं फाडा.