मुलांचे रॅप मासिक : ते कसे बनते आणि आपण ते कसे तपासावे

या वर्षी आपल्या युवा विभागाने गणेशोत्सवातल्या हस्तलिखिताऐवजी रॅप संगीतावर सोळा पानांचे छापील मासिक काढायचे ठरवले आहे. बैठकीत त्यावर बरीच चर्चा झाली. रॅप म्हणजे आरडाओरडा आणि शिव्या, असे काही ज्येष्ठांचे म्हणणे होते. निदान त्या निमित्ताने मुले मराठीत लिहितील, असे पालकांचे. शेवटी अंक काढू द्यावा असे ठरले. पण तो तपासायचा कोणी आणि कशावरून, हा मुद्दा चहा आला तसा राहून गेला. बडोद्यात वाढलेल्या आपल्या मुलांपैकी अनेकांनी शाळेत मराठी कधी लिहिलेलीच नाही. त्यांच्या पहिल्याच अंकावर आपण कोणत्या चुकांसाठी लाल पेन चालवतो, त्यावर दुसरा अंक निघेल की नाही हे ठरणार आहे. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

रॅपवरच्या सर्वांत नावाजलेल्या मासिकांपैकी एक विद्यार्थ्यांनीच सुरू केले होते. डेव्हिड मेज हा हार्वर्डचा विद्यार्थी विद्यापीठाच्या रेडिओवर रॅपचा कार्यक्रम करीत असे. १९८८ साली त्याने जॉन शेक्टर या मित्राबरोबर श्रोत्यांसाठी एका पानाचे वार्तापत्र काढले. त्याचे नाव 'द सोर्स'. पुढे ते न्यूयॉर्कला गेले आणि मोठे मासिक झाले. नव्या अल्बमना ते पाचपैकी मायक्रोफोन देत असत. १९९४ साली नास या गायकाच्या 'इलमॅटिक'ला पाचच्या पाच मिळाले, ही गोष्ट रॅपचे चाहते अजून सांगतात. पण त्याच वर्षी दुसरेही काही घडले. ज्या गायक गटाशी मेजचे व्यावसायिक संबंध होते, त्यांच्यावरचा लेख त्याने संपादकांना न विचारता अंकात घातला. शेक्टरसह संपादकीय विभागातले बरेच जण त्यावरून बाहेर पडले. मुलांना ही हकीकत जरूर सांगावी. आपल्या अंकातही कोणी ना कोणी मित्राच्या गाण्याचे परीक्षण लिहिणारच. त्याला हरकत नाही, पण हा माझा मित्र आहे, हे त्याच परीक्षणात लिहायला हवे.

असा अंक शाळेत करून घेणे आणि त्याला गुण देणे हा प्रकार ब्रिटनमध्ये चांगला रुळलेला आहे. आपल्यापैकी ज्यांची नातवंडे तिकडे शिकतात त्यांना 'मीडिया स्टडीज' हा विषय माहीत असेल. तिथल्या ओसीआर या परीक्षा मंडळाच्या एएस पातळीच्या जुन्या अभ्यासक्रमात, म्हणजे सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना, संगीत मासिकाचे मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि आतला समोरासमोरच्या दोन पानांचा लेख करायला देत. पुष्कळ मुले त्यासाठी रॅप निवडत. मजकूर आणि छायाचित्रे सगळी स्वतःची हवीत आणि छायाचित्रे किमान चार, असा दंडक होता. त्याआधी सरावासाठी शाळेच्या मासिकाचे एक मुखपृष्ठ करायचे. एकूण गुण १००. पैकी २० पूर्वतयारीला, ६० प्रत्यक्ष अंकाला आणि उरलेले २० स्वतःच्या कामाचे स्वतः मूल्यमापन करण्याला.

हे शेवटचे २० गुण मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. बाजारातल्या मासिकांचे कोणते संकेत तू पाळलेस, कोणते मोडलेस? तुझ्या अंकात कोणत्या समाजगटाचे कसे चित्र उभे राहते? असा अंक कोण छापून विकेल? वाचक कोण, आणि त्याला ओढून घेण्यासाठी तू काय केलेस? साधने वापरताना काय शिकलास? सरावाच्या मुखपृष्ठापासून इथवर काय सुधारले? असे प्रश्न मुलाला विचारलेले असत आणि त्यांची उत्तरे द्यावी लागत. 'छान दिसते म्हणून' हे उत्तर तिथे चालत नसे.

आता मांडणीकडे वळू. मुखपृष्ठावर मासिकाचे नाव, एक मोठे छायाचित्र, आतल्या लेखांची चार-पाच आकर्षक शीर्षके, महिना आणि किंमत एवढे असते. छायाचित्रातली व्यक्ती बहुधा सरळ आपल्याकडे पाहत असते, कारण नजरेला नजर भिडली की हात आपोआप अंकाकडे जातो. रंग दोन किंवा तीन ठरवावेत आणि तेच सर्व पानांवर चालवावेत.

अक्षरांच्या बाबतीत मात्र इंग्रजी मासिकांची नक्कल अंगाशी येते. इंग्रजीत शीर्षक ठळक करायला मोठी लिपी वापरता येते, देवनागरीत तशी सोय नाही. इथे जाडी, आकार आणि रंग यांवरच भागवावे लागते. दुसरे म्हणजे अक्षरांमधले अंतर. आपल्या मुलांचा डोळा गुजराती पाट्यांवर तयार झालेला आहे. गुजरातीला शिरोरेषा नाही, त्यामुळे अक्षरे लांब लांब मांडली तरी शब्द टिकतो. तेच देवनागरीत केले की शिरोरेषेचे तुकडे होतात आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. तिसरे, ओळींमधले अंतर. वरून रफार आणि मात्रा, खालून उकार, यांना जागा न ठेवल्यास वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. लेखाचे पहिले अक्षर मोठे काढायची हौस असेल तर लेख 'कि' किंवा 'र्‍हा' अशा अक्षराने सुरू करू नये, एवढे सांगितले तरी पुरे. 'मुक्त' आणि 'बलू' हे मुंबईच्या 'एक टाइप'चे देवनागरी टंक मोफत मिळतात आणि छपाईतही नीट येतात. पहिला मजकुराला, दुसरा शीर्षकांना, अशी वाटणी करता येईल.

छपाईचे काही हिशेब आधीच करून ठेवावेत. मधोमध पिन मारायची तर पानांची संख्या चारच्या पटीत लागते, म्हणून सोळा ठीक आहे, अठरा नाही. ए-४ पानभर छायाचित्र ३०० डीपीआयला छापायचे तर ते साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेलचे हवे. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होऊन येतो, तो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवावा. कडेपर्यंत रंग हवा असेल तर चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जादा सोडावेत, नाहीतर कापताना पांढरी रेघ राहते. आणि पडद्यावरचा झगझगीत हिरवा कागदावर मळकट येतो, हे आधी एक पान छापून मुलांना दाखवावे. सांगून पटत नाही.

दोन पानांच्या लेखात सगळ्यात जास्त चुका होतात. मधल्या घडीवर चेहरा आला की नाक पिनेत जाते. मुलाखतीतले एखादे जोरकस वाक्य मोठ्या अक्षरात वेगळे काढतात, ते गायकाने खरोखर म्हटलेले असावे. आपल्याला आवडेल असे वाक्य त्याच्या तोंडी घालू नये. दुसऱ्याच्या गाण्याचे पूर्ण शब्द छापायचे तर परवानगी लागते, इंटरनेटवरचे फोटोही तसेच.

रॅपच्या अंकात एक खास अडचण असते. बहुतेक मुखपृष्ठे एकाच साच्यातली निघतात. डोक्यावर टोपडे, गळ्यात साखळी, मागे रंगवलेली भिंत आणि कपाळावर आठ्या. दांडिया बाजारातल्या आपल्या घरातला मुलगा कोणावर एवढा रागावला आहे? राग खरा असेल तर लेखात त्याचे कारण हवे. नुसता उसना असेल तर तो कपड्यांपुरताच राहतो. मुलींच्या बाबतीतही विचारावे. अंकात त्या लिहिणाऱ्या, गाणाऱ्या म्हणून आहेत, की नुसत्या कोपऱ्यात उभ्या आहेत?

विषयांची वाण नाही. मुंबईच्या 'स्वदेसी' या गटाने २०१९ साली 'द वारली रिव्होल्ट' हे गाणे प्रकाश भोईर यांच्यासोबत केले. ते आरेच्या जंगलाबद्दल आणि आदिवासींच्या जमिनीबद्दल आहे. ज्यांना रॅप म्हणजे शिव्या वाटतात त्यांनी ते एकदा ऐकावे. रॅप म्हणजे आपला पोवाडाच, असे सांगून ज्येष्ठांची समजूत घालण्याची युक्ती मला मात्र पटत नाही. रॅप न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या काळ्या आणि लॅटिन वस्त्यांमधून आले. ते तिथले आहे असे म्हणूनच आपल्याकडे घ्यावे.

भाषेबद्दल. शुद्धलेखन तपासावे, पण लेख, मुलाखत आणि शीर्षके यांत. मुलांनी स्वतः लिहिलेल्या रॅपमध्ये घरात बोलतात तशी गुजराती मिसळलेली मराठी येणार. तिथे पेन्सिल लावू नये. ती मराठी चुकीची नाही, ती इथली आहे. शिवी असेल तर ती तिथे का हवी, हे मुलाने सांगावे. सांगता आले नाही तर ती काढावी आणि सांगता आले तर परीक्षकांनी निदान ऐकून घ्यावे.

गुणांची वाटणी ब्रिटिश पद्धतीची जशीच्या तशी घेऊ नये, असे माझे मत आहे. हल्ली कॅनव्हावर तयार साचा उचलून तासाभरात देखणे पान होते, त्यामुळे दिसण्याला ६० गुण जास्त होतात. पूर्वतयारीला २५, अंकाला ४० आणि मुलांच्या स्वतःच्या मूल्यमापनाला ३५, अशी वाटणी मी कार्यकारिणीला सुचवली आहे. पूर्वतयारीत पेन्सिलने काढलेली कच्ची पाने, वाचकांना विचारलेले प्रश्न आणि न वापरलेले फोटोही जोडावेत. टाकून दिलेल्या फोटोंवरून निवड कशी झाली ते कळते. मूल्यमापन तोंडी घ्यावे. लिहायला बसवले की ते घरातले मोठे कोणीतरी लिहून देते, हा हस्तलिखिताच्या काळापासूनचा अनुभव आहे. परीक्षक तीन असावेत. एक छपाई किंवा कला जाणणारा, एक भाषा जाणणारा आणि तिसरा पंधरा-सोळा वर्षांचा रॅप ऐकणारा, जो या गटात नाही असा. वाचक तोच आहे. स्पर्धकांच्या आईवडिलांनी या तिघांत नसावे, हे वेगळे सांगायला नको.

अंक छापायला देण्याआधी साध्या प्रिंटरवर काढलेली एक प्रत गणपतीच्या मंडपात चपलांच्या जागेजवळ टेबलावर ठेवावी आणि मुलांनी थोडे लांब उभे राहून पाहावे. कोण उचलतो, कितव्या पानापर्यंत जातो, कुठे हसतो, कुठे मिटून ठेवतो, हे त्यांनी टिपून ठेवावे. छपाईला अंक द्यायच्या आधी तेवढे बदल करता येतील, एवढा वेळ हाताशी ठेवायला हवा.