कोल्ली डोंगर : कॉफी विकून धान्य आणावे, की धान्य पिकवून कॉफी विकावी?

कॉफी हे पैसा देणारे पीक आहे, पोट भरणारे नव्हे. ज्या कुटुंबाकडे एक-दोन एकरच जमीन आहे, त्याने त्यातील किती भाग कॉफीला द्यावा आणि किती धान्याला, हा हिशेब चुकल्यास त्याची झळ थेट स्वयंपाकघराला बसते. तामिळनाडूच्या नामक्कल जिल्ह्यातील कोल्ली डोंगरात हा प्रश्न विशेष स्पष्टपणे दिसतो.

पूर्व घाटातील सुमारे २८० चौरस किलोमीटरचा हा डोंगराळ प्रदेश आहे. पायथ्यापासून वर जाणाऱ्या घाटरस्त्याला ७० वळणे आहेत. येथील बहुसंख्य रहिवासी मलैयाळी या आदिवासी समाजाचे असून केरळच्या मल्याळी भाषकांशी या नावाची गल्लत करू नये. एकाच राज्यात चेन्नईजवळचे ओरगडम वाहनउद्योगाचे केंद्र म्हणून ओळखले जाते, तर कोल्ली डोंगरातील अर्थव्यवहार आजही कॉफी, मिरी, फणस, केळी, अननस आणि कंदपिकांवर चालतो.

वर्षातून एकदाच येणारा पैसा

कॉफीचे झाड लावल्यानंतर पहिले पीक हाती येण्यास साधारण तीन ते चार वर्षे लागतात. पुढे दरवर्षी तोडणी होते. मात्र ती एकाच हंगामात. दक्षिण भारतात अरेबिका जातीची तोडणी मुख्यतः नोव्हेंबर ते जानेवारी या काळात चालते. त्या वेळी मिळालेल्या रकमेतून कर्जफेड, मजुरी, शिक्षण आणि औषधपाणी भागवावे लागते. उरलेल्या पैशांवर पुढील हंगामापर्यंत धान्य खरेदी करायचे असते.

ही अडचण केवळ भारतापुरती मर्यादित नाही. मध्य अमेरिकेत अशा काळाला ‘कृश महिने’ या अर्थाचे नावच आहे. मेक्सिको, ग्वाटेमाला व निकाराग्वा येथील लहान कॉफी उत्पादकांच्या २००७ मधील पाहणीत, सुमारे दोनतृतीयांश कुटुंबांना वर्षातील तीन ते आठ महिने नेहमीचा आहार घेता येत नसल्याचे आढळले होते.

दरातील चढउतार या अडचणीत भर घालतात. उत्पादक देशांच्या निर्यातीवर मर्यादा घालणारी आंतरराष्ट्रीय कोटा पद्धत १९८९ मध्ये कोलमडली. भारतात कॉफी मंडळामार्फत होणारी सक्तीची एकत्रित विक्री टप्प्याटप्प्याने शिथिल होत १९९६ मध्ये संपुष्टात आली. शेतकऱ्याला विक्रीचे स्वातंत्र्य मिळाले. त्याबरोबरच जागतिक बाजाराची जोखीमही त्याच्यावर आली. २००१ मध्ये कॉफीचे जागतिक दर अनेक दशकांतील नीचांकावर गेले, तर फेब्रुवारी २०२५ मध्ये अरेबिकाने पौंडाला चार डॉलरची पातळी ओलांडली. धान्याचा खर्च मात्र दर चढो वा पडो, चुकत नाही.

साबुदाण्यामागचे शेत

कोल्ली डोंगरात पूर्वी कुटकी, राळा, नाचणी, वरी यांसारखी भरडधान्ये मोठ्या प्रमाणावर घेतली जात. त्यांची जागा पुढे टॅपिओका या कंदाने घेतली. सेलम व नामक्कल परिसरातील कारखान्यांत या कंदापासून स्टार्च व साबुदाणा तयार होतो. महाराष्ट्रात उपवासाच्या खिचडीसाठी येणाऱ्या साबुदाण्याचा मोठा पुरवठा याच भागातून होतो. त्यामुळे या बदलाचा एक धागा मराठी घरापर्यंत येऊन पोहोचतो.

टॅपिओकाला खात्रीचे गिऱ्हाईक होते, हे त्याच्या प्रसाराचे एक कारण. दुसरे कारण स्त्रियांच्या श्रमाशी निगडित आहे. कुटकीचे टरफल घट्ट असते. ते काढण्यासाठी उखळात दीर्घकाळ कांडावे लागते. स्वस्त धान्य दुकानातील तांदूळ सहज मिळू लागल्यावर हे कष्ट घेण्याची गरज उरली नाही. परिणामी शेतातून आणि ताटातून भरडधान्ये एकाच वेळी मागे पडली.

तांदळाने भूक भागते. पोषणाचा प्रश्न वेगळा आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर पॉलिश केलेल्या तांदळात ते १० मिलिग्रॅमच्या आसपास असते. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच.

उपाय कोणते?

चेन्नई येथील एम. एस. स्वामीनाथन संशोधन प्रतिष्ठानने १९९० च्या दशकापासून कोल्ली डोंगरात या प्रश्नावर काम केले आहे. स्थानिक वाणांच्या बियाण्यांच्या गावपातळीवरील बँका, टरफल काढणारी लहान यंत्रे आणि महिला बचत गटांमार्फत रवा, पीठ व तत्सम पदार्थांची विक्री, असे या कामाचे स्वरूप आहे. यंत्रामुळे कांडणाचे कष्ट वाचतात आणि घरी खाऊन उरलेले धान्य विकताही येते.

दुसरा उपाय कॉफीच्या मळ्यातच दडलेला आहे. भारतात कॉफी प्रामुख्याने सावलीत वाढवली जाते. सावलीसाठी केवळ सिल्व्हर ओक लावण्याऐवजी फणस, केळी, लिंबूवर्गीय झाडे लावल्यास आणि खोडांवर मिरीचे वेल चढवल्यास खाण्याजोगे पीक व वेगवेगळ्या महिन्यांत येणारे उत्पन्न मिळू शकते. दिंडीगल जिल्ह्यातील पळणी डोंगरात कॉफीसोबत विरुपाक्षी ही डोंगरी केळी घेण्याची परंपरा आहे. मात्र केळीवरील पर्णगुच्छ रोगाने तेथील बागांची मोठी हानी केली. एका पिकावर विसंबण्याचा धोका मिश्र शेतीतही पूर्णपणे टळत नाही, असा त्याचा अर्थ आहे.

तिसरा आधार शिधावाटप व्यवस्थेचा. तामिळनाडूत २०११ पासून शिधापत्रिकाधारकांना मोफत तांदूळ दिला जातो. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात भरडधान्यांच्या वितरणाचीही तरतूद आहे. त्या दिशेने राज्याने मे २०२३ मध्ये निलगिरी व धर्मपुरी या जिल्ह्यांत नाचणी देण्यास प्रारंभ केला. अशी खरेदी स्थानिक शेतकऱ्यांकडूनच झाल्यास भरडधान्यालाही टॅपिओकासारखे हमखास गिऱ्हाईक मिळू शकते.

महाराष्ट्रासाठी धडा

महाराष्ट्रात कॉफीची लागवड अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा परिसरात होते. तोच मेळघाट बालकांच्या कुपोषणासाठी अनेक वर्षे चर्चेत राहिला आहे आणि तेथील आदिवासींच्या पारंपरिक आहारातही कोदो व कुटकी आहेत. डोंगराळ भागात नगदी पिकाला प्रोत्साहन देताना एकरी उत्पन्नासोबत आणखी एक मोजमाप आवश्यक ठरते: हंगाम संपल्यानंतर त्या घरात किती महिन्यांचे धान्य शिल्लक आहे?