स्वरसंश्लेषक आणि बारा पट्ट्यांचे बंधन

तानपुऱ्याच्या चार तारा नीट मिळवून त्या एकामागून एक छेडीत राहिले, म्हणजे थोड्याच वेळात कोणीही न छेडलेला एक स्वर कानी येऊ लागतो. हा स्वयंभू गांधार होय. तो कोठून येतो हे ज्यास उमगले, त्यास विजेच्या साहाय्याने स्वर निर्माण करणाऱ्या यंत्राचे निम्मे रहस्य उलगडले, असे म्हणावयास हरकत नाही. उरलेले निम्मे रहस्य प्रस्तुत पुस्तिकेत सांगावयाचे आहे. त्याबरोबरच एका शंकेचाही विचार करावयाचा आहे. ती शंका अशी: पाश्चात्त्य देशांत वाढलेले आणि बहुधा पेटीसारख्या पट्ट्या असलेले हे यंत्र, मींड आणि श्रुती यांवर उभ्या असलेल्या संगीतास कितपत मानवेल?

१. स्वराचे पृथक्करण

ध्वनी म्हणजे हवेची कंपने. एका सेकंदात कंपने जितकी अधिक, तितका स्वर उंच. कंपनांची संख्या दुप्पट झाली की तोच स्वर एक सप्तक वर जातो. आपण षड्ज २४० कंपनांचा धरू. या स्वरास मिळविलेली तार छेडली असता ती केवळ २४० वेळाच कंप पावते असे नव्हे. ती त्याच वेळी दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशा गतींनीही कंप पावत असते. या अधिक गतीच्या कंपनांस उपस्वर म्हणतात. पाचपट म्हणजे १२०० कंपने. ही संख्या दोनदा निम्मी केली असता ३०० येते, आणि २४० च्या षड्जाचा शुद्ध गांधार तो हाच. तानपुऱ्यातील गांधार स्वयंभू का, याचा उलगडा असा होतो.

कोणतेही नियमितपणे पुनरावृत्त होणारे कंपन अशा साध्या कंपनांची बेरीज म्हणून मांडता येते, हा सिद्धान्त फ्रेंच गणिती फूरिये यांच्या १८२२ मधील ग्रंथातून पुढे आला. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात तो संगीतास लावून दाखविला. सनई आणि बासरी एकाच स्वरात वाजल्या तरी आपण त्या ओळखतो, याचे एक मोठे कारण त्यांच्या उपस्वरांचे प्रमाण भिन्न असते. हेल्महोल्ट्झ केवळ पृथक्करणावर थांबले नाहीत. विजेने कंप पावणारे नादकाटे निरनिराळ्या प्रमाणांत एकत्र वाजवून त्यांनी मानवी वाणीतील स्वरवर्णांसारखे ध्वनी निर्माण केले. रसायनशास्त्रज्ञ पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन असे पृथक्करण करतो आणि उलट त्यांच्या संयोगाने पाणीही घडवितो. त्याप्रमाणेच ध्वनीचे पृथक्करण व त्याचे संश्लेषण ही एकाच विद्येची दोन अंगे होत. म्हणूनच या यंत्रास सिंथेसायझर, म्हणजे संश्लेषक, असे नाव पडले.

२. आरंभीची दोन यंत्रे

अमेरिकेतील थॅडियस केहिल यांनी १८९७ मध्ये टेलहार्मोनियम या यंत्राचे एकस्व मिळविले. १९०६ मध्ये न्यूयॉर्क येथे उभारलेले त्याचे रूप सुमारे २०० टन वजनाचे होते. त्यातील फिरती जनित्रे वेगवेगळ्या गतींचे विद्युत्प्रवाह निर्माण करीत, त्यांचे मिश्रण होई आणि ते दूरध्वनीच्या तारांमधून श्रोत्यांपर्यंत पोहोचे.

याच्या अगदी उलट प्रकृतीचे यंत्र रशियातील लेव्ह थेरेमिन यांनी १९२० च्या सुमारास तयार केले. त्यास पट्ट्या नाहीत की पडदे नाहीत. वादक यंत्रास स्पर्शही करीत नाही. एका दांड्याजवळ हात नेला की स्वर चढतो, दूर नेला की उतरतो. दुसऱ्या हाताने आवाज लहानमोठा करता येतो. या यंत्रात एका स्वरातून दुसऱ्या स्वरात जाताना मधली प्रत्येक जागा लागते. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. विजेच्या स्वरास पट्ट्या असल्याच पाहिजेत, असा निसर्गाचा मुळीच नियम नाही.

३. विद्युद्दाबाने नियंत्रण

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात विद्युत्संगीताच्या प्रयोगशाळा निघाल्या. तेथे ध्वनिफितीचे तुकडे कापून व जोडून रचना करावी लागे. एक मिनिटाच्या संगीतासाठी कित्येक दिवस खर्ची पडत. या कष्टांतून सुटका झाली ती १९६४ मध्ये. अमेरिकन अभियंते रॉबर्ट मूग यांनी संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्या सहकार्याने जे यंत्र रचले, त्याचे मर्म एका वाक्यात सांगता येते: यंत्राच्या प्रत्येक भागाचे वर्तन विद्युद्दाबाने बदलता यावे.

यंत्राचे मुख्य भाग तीन. पहिला आंदोलक. तो विजेची नियमित लहर उत्पन्न करतो. तिचा आकार करवतीच्या दात्यांसारखा असेल तर तिच्यात सर्व उपस्वर असतात आणि आवाज भरदार, किंचित कर्कश वाटतो. दुसरा भाग गाळणी. पिठाच्या चाळणीतून जसा कोंडा वेगळा होतो, तसे या भागात नको असलेले उपस्वर अडविले जातात. आपल्या कंठातही हीच व्यवस्था आहे. स्वरतंतूंचा नाद तोच राहतो, परंतु जीभ व ओठ हलवून मुखाच्या पोकळीचा आकार बदलला की ‘आ’ चा ‘ई’ होतो. तिसरा भाग विवर्धक. ध्वनीने किती वेगाने उठावे, किती काळ टिकावे आणि कसे विरावे, हे तो ठरवितो. तबल्याची थाप क्षणात उठून क्षणात ओसरते. बासरीचा स्वर हळूच उमलतो आणि फुंक आहे तोवर टिकतो. हा जीवनक्रम बदलला की एकाच आंदोलकाचा ध्वनी आघाताच्या वाद्यासारखाही वाटतो आणि फुंकीच्या वाद्यासारखाही.

मूग यांनी असा नियम ठेवला की विद्युद्दाब एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक चढावा. पट्ट्यांचा फलक जोडला असता प्रत्येक पट्टीगणिक दाब एका व्होल्टच्या बाराव्या हिश्श्याने वाढतो आणि पेटीसारखे बारा स्वर मिळतात. परंतु दाब हा नळाच्या पाण्याप्रमाणे अखंड बदलणारा पदार्थ आहे. फलकाच्या जागी फिरविण्याची कळ किंवा बोट सरकविण्याची पट्टिका जोडली, तर त्याच आंदोलकातून निर्वेध मींड निघते. अर्थात बारा पायऱ्या फलकात आहेत, आंदोलकात नाहीत. मूग यांचे समकालीन कॅलिफोर्नियातील डॉन बुकला यांनी तर पियानोसारखा फलक बुद्ध्याच टाळून स्पर्शपट्ट्यांचा अवलंब केला.

४. अंकांतून नाद

या सुमारास दुसरी एक वाट तयार होत होती. १९५७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी लिहिलेल्या आज्ञावलीने संगणकाकडून १७ सेकंदांची एक रचना वाजवून घेतली. तीत आंदोलक नव्हता. होते ते केवळ अंक. ध्वनिलहरीची उंची ठरावीक अंतराने मोजून लिहिली, तर त्या अंकांच्या यादीवरून लहर पुन्हा उभी करता येते. कॉम्पॅक्ट डिस्कवर दर सेकंदास ४४,१०० अंक नोंदले जातात. असे अंक मोजून न घेता गणिताने काढले, तर पूर्वी कधीही न वाजलेला ध्वनी ऐकता येतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चाउनिंग यांना १९६७ मध्ये असे आढळले की, एका लहरीने दुसऱ्या लहरीची कंपनसंख्या अतिवेगाने हेलकावली तर थोड्या गणितात विपुल उपस्वर मिळतात. याच तत्त्वावर यामाहा कंपनीने १९८३ मध्ये डीएक्स-७ हे यंत्र बाजारात आणले. आज आंदोलक, गाळणी व विवर्धक हे तिन्ही भाग संगणकाच्या आज्ञावलीत अंकरूपाने नांदतात. पूर्वी खोलीभर पसरणारी प्रयोगशाळा आता विद्यार्थ्याच्या टेबलावर मावते.

५. बारा घरे कोठून आली?

आता आरंभीच्या शंकेकडे वळू. १९८३ मध्येच निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांनी परस्परांशी बोलावे म्हणून मिडी नावाची एक सामाईक सांकेतिक भाषा ठरली. या भाषेत स्वर म्हणजे ० ते १२७ यांपैकी एक पूर्णांक, आणि लगतच्या दोन अंकांमधील अंतर सामान्यतः एक अर्धस्वर. संगीतरचनेच्या बहुतेक आज्ञावलींनी याच भाषेवरून आपले पडदे आखले. त्यावर आडव्या ओळी दिसतात; प्रत्येक ओळ म्हणजे पेटीची एक पट्टी.

या बारा पट्ट्या समान अंतरावर असतात. प्रत्येकीची कंपनसंख्या मागचीच्या सुमारे १.०५९५ पट. त्यामुळे २४० च्या षड्जास या पद्धतीत गांधार मिळतो तो ३०० चा नव्हे, तर जवळजवळ ३०२.४ चा. फरक क्षुल्लक भासेल. परंतु षड्जाचा पाचवा उपस्वर १२०० चा आणि या गांधाराचा चौथा उपस्वर सुमारे १२०९.५ चा. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदास नऊदहा वेळा आवाज थरथरतो. तानपुऱ्यावर रियाज करणाऱ्या कानास ही थरथर खुपते. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ मध्ये शिथिल केली. त्या वादात जे आक्षेप घेतले गेले, त्यांत अचल स्वर आणि मींडेचा अभाव हेच प्रमुख होते. पेटीच्या बाबतीत त्यांस उत्तर देणे कठीण होते. कारण धातूची सूर देणारी पाती एकदा घासून बसविली की बसविली.

संश्लेषकाची गोष्ट निराळी आहे. संगणकास ३०० हा अंक जितका सोपा, तितकाच ३०२.४. बारा घरांची सक्ती गणिताने केलेली नाही. ती योजकांच्या सवयीने केली आहे. सवय मात्र कायद्याहून चिवट असते. नवशिका आज्ञावली उघडतो, समोर आखलेल्या ओळी पाहतो आणि ओळीबाहेरचा स्वर चुकीचा समजू लागतो. खरी हानी होते ती येथे; ती यंत्रात होत नाही, कानात होते.

६. आपल्याकडील दोन प्रयोग

अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग यंत्राची ध्वनिशाळा उभारून दिली. तेथे गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी प्रयोग केले. त्यांच्या १९६९ ते १९७२ मधील ध्वनिफिती दीर्घकाळ विस्मृतीत होत्या. २०२३ मध्ये त्यांतील निवडक रचना प्रकाशित झाल्या.

दुसरा प्रयोग मुंबईचा. चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये तीन जपानी यंत्रे जोडून डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची ध्वनिमुद्रिका केली. त्यांपैकी एक यंत्र मंद्र स्वरांच्या साथीसाठी बनविलेले होते. त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती, आणि तिचा त्यांनी रागासाठी उपयोग केला. ध्वनिमुद्रिका त्या वेळी फारशी खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या रसिकांचे लक्ष तिकडे गेले. यंत्र ज्या हेतूने घडविले गेले त्याहून वेगळे काम त्याकडून घेता येते, हे दोन्ही प्रयोगांनी दाखविले.

७. बंधन सैल करण्याचे उपाय

येथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. पहिली, स्वरांच्या जागा. कित्येक आज्ञावली स्काला नावाच्या पद्धतीची एक लहानशी फाईल वाचतात. तीत ५/४, ३/२ अशी गुणोत्तरे लिहिली की पट्ट्या त्या जागी बसतात. गांधार असा सहज सुधारतो.

दुसरी गोष्ट म्हणजे स्वरांमधील वाट. पट्ट्या बाराच्या बावीस केल्या तरी त्या पायऱ्याच राहतात. मींड त्यांतून येत नाही. मिडीच्या भाषेत स्वर वाकविण्याची वेगळी आज्ञा आहे. तिचे १६,३८४ भाग असतात आणि सामान्यतः ते वरखाली मिळून चार अर्धस्वरांत वाटले जातात. म्हणजे एका अर्धस्वरात ४,०९६ जागा. इतका सूक्ष्म भेद कोणत्याही कानास कळणार नाही. अडचण एवढीच की मूळ योजनेत ही आज्ञा एका वाहिनीवरील सर्व स्वरांना एकदम लागू होते. एक स्वर वाकविला की सोबतचेही वाकतात. २०१८ मध्ये मान्य झालेल्या विस्तारात प्रत्येक स्वरास स्वतंत्र वाहिनी देऊन ही अडचण दूर करण्यात आली.

ज्यांना स्वतः पडताळा पाहावयाचा असेल त्यांनी प्युअर डेटा ही विनामूल्य आज्ञावली संगणकावर घ्यावी. करवती लहरीचे दोन आंदोलक मांडून एकास २४० व दुसऱ्यास ३०० हा अंक द्यावा. नाद निश्चल, एकजीव वाटेल. मग ३०० च्या जागी ३०२.४ लिहावे, थरथर स्पष्ट ऐकू येईल. शेवटी साध्या लहरी घेऊन तोच प्रयोग करावा. थरथर जवळजवळ नाहीशी होईल, कारण साध्या लहरीस उपस्वरच नसतात. पडद्यावर बारा ओळी नाहीत. अंक लिहिण्यासाठी एक रिकामी जागा आहे, आणि तेथे कोणता अंक लिहावयाचा हे ठरविण्यासाठी शेजारी तानपुरा मिळवून ठेवावा.