वारंवार होणारा मद्यत्याग आणि पुढील उपचार

पाचव्या शीलात मद्याला 'पमादट्ठान' म्हटले आहे. पमाद म्हणजे अनवधान आणि ठान म्हणजे स्थान, आधार. मद्य पिणाऱ्याच्या अनवधानाविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. मद्य सोडविणाऱ्यांच्या अनवधानाचा विचार मात्र क्वचितच होतो. तोच येथे आम्हांस करावयाचा आहे.

मेंदूत 'गाबा' हे द्रव्य उत्तेजना शमविते, तर 'ग्लुटामेट' ती वाढविते. मद्य पहिल्यास बळ देते व दुसऱ्यास दडपते. दीर्घकाळ नित्य मद्यपान झाल्यास मेंदू तोल राखण्यासाठी आपली उत्तेजना वाढवून घेतो. अशा स्थितीत मद्य एकाएकी बंद झाले की दडपण नाहीसे होते, उत्तेजना मात्र तशीच उरते. त्यातून कंप, घाम व निद्रानाश उद्भवतात. सामान्यतः पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांच्या सुमारास भ्रम व उन्माद यांची प्राणघातक अवस्था ओढवू शकते.

ही अवस्था दर वेळी सारखीच नसते. गोडार्ड यांनी 1969 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, प्रारंभी निष्प्रभ ठरणारा सौम्य विद्युत्झटका रोज दिल्यावर त्याच झटक्याने प्राण्यांना आकडी येऊ लागली. या क्रियेस 'किंडलिंग', म्हणजे ठिणगीने हळूहळू पेट घेणे, असे नाव आहे. बॅलेंजर व पोस्ट यांनी 1978 साली हेच तत्त्व मद्यत्यागास लावले. पुढे 1993 साली बेकर व हेल यांनी उंदरांवर प्रयोग केले. एकूण मद्य सारखेच मिळूनही, ज्यांचे मद्य मध्ये मध्ये तोडले गेले त्यांच्यातील आकडी अधिक तीव्र होती. तात्पर्य, प्रत्येक त्याग मेंदूत आपला संस्कार ठेवून जातो.

म्हणूनच वैद्याचा पहिला प्रश्न 'किती पितोस?' एवढाच नसावा. 'यापूर्वी किती वेळा सोडलीस, तेव्हा काय झाले?' हेही विचारले पाहिजे. पूर्वी आकडी किंवा भ्रम झालेल्या रुग्णास रुग्णालयात ठेवून, डायझेपाम वा लोराझेपाम यांसारखी औषधे वेळीच देऊन, थायमिनची जोड देणे हिताचे ठरते. मागच्या वेळी घरीच निभावले, म्हणून याही वेळी निभावेल, हा तर्क फसवा आहे.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत मद्यत्यागाची प्रतिज्ञा आहे. ती घेऊन नित्य पिणारा उपासक त्याच दिवशी बाटली फोडतो, तेव्हा त्याचा निश्चय वंदनीयच असतो. पण त्याला घरात कोंडून ठेवणे म्हणजे शीलपालन नव्हे. पुन्हा घसरलेल्या माणसास 'मनाचा दुबळा' म्हणून हिणवू नये. विहाराच्या कार्यकर्त्यांनी त्याला प्रथम डॉक्टरांकडे न्यावे आणि मागील प्रत्येक प्रयत्नाची हकीकत त्यांना सांगावी. अप्पमाद हा मद्य सोडणाऱ्याइतकाच त्याला साथ देणाऱ्यांचाही धर्म आहे.